शाकारणी चुकलेलं घर

माझ्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला यायचा, पण फक्त कागदावर. खरी तारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी त्यांना उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला सांगितला. कान हाताला लागला, म्हणजे पोरगा सहा वर्षांचा झाला असं धरलं आणि रजिस्टरात १ जून लिहून टाकलं. महाराष्ट्रातली त्या पिढीतली असंख्य माणसं अशीच १ जूनला जन्मली. आजोबांचे चुलतभाऊ, आमचे बापूआजोबा, त्यांचं नावही त्याच दिवशी, त्याच तारखेसह चढलं.

सत्तरी ओलांडल्यावर मात्र हे दोघे एका वयाचे आहेत असं कुणाला सांगून पटलं नसतं. मे महिन्यात घराची शाकारणी निघाली की आजोबा स्वतः छपरावर चढायचे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा कुजल्या असतील तर बदलायच्या आणि पाऊस यायच्या आत सगळं पुन्हा बसवायचं. बापूआजोबांना ओटीवरून अंगणात उतरायलाही कुणाचा तरी हात लागायचा. "ज्याची त्याची आयुष्याची दोरी," असं म्हणून घरातले विषय संपवत.

माझ्या मनात तो विषय संपला नाही. जीवशास्त्राला म्हातारपणाबद्दल आज जे कळलंय ते वाचताना मला पुन्हा पुन्हा ते छप्पर आठवतं, कारण म्हातारपण समजून घ्यायला शाकारणीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आपण सहज म्हणतो, "वापरलं की झिजायचंच." बैलगाडीच्या चाकाला, पाट्या-वरवंट्याला हे लागू पडतं. शरीराचं तसं नाही, कारण ते स्वतःची डागडुजी स्वतःच करतं. आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, मग तिची जागा दुसरी घेते. हाडंसुद्धा सतत थोडी मोडली आणि बांधली जात असतात आणि साधारण दहा वर्षांत बहुतेक सांगाडा नव्याने घडतो. म्हणजे सत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगात सत्तर वर्षांचं जुनं सामान फार थोडं असतं. मग तो म्हातारा का होतो?

उंदीर घ्या. प्रयोगशाळेत खायला-प्यायला भरपूर, मांजराची भीती नाही, तरी तो दोन-तीन वर्षांत जर्जर होऊन मरतो. आफ्रिकेत जमिनीखाली बिळांत राहणारा एक केस नसलेला तीळउंदीर आहे. आकाराने जवळपास तेवढाच, पण तीस वर्षांपेक्षा जास्त जगतो. सायबेरियात जेमतेम सात ग्रॅमचं एक वटवाघूळ खूण बांधून सोडलं होतं, ते ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडलं. झिजण्याचाच प्रश्न असता तर रात्रभर पंख मारणारं वटवाघूळ उंदराच्या आधी संपायला हवं होतं. फरक झिजेत नाही, डागडुजीत आहे. वटवाघळाचं शरीर दरवर्षी शाकारणी करतं, उंदराचं करत नाही.

आणि उंदराचं शरीर ती करत नाही त्यालाही कारण आहे. रानातला उंदीर वर्षभरात घुबडाच्या, सापाच्या, नाहीतर थंडीच्या तावडीत सापडतोच. ज्या घरात पुढच्या वर्षी कुणी राहणारच नाही, त्याची कौलं कशाला बदला? हातात आहे तेवढं पेरणीला लावावं, म्हणजे भराभर पिल्लं घालावीत, हाच त्याच्या जातीच्या फायद्याचा हिशेब. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५० च्या सुमारास या विचाराचा पाया घातला. टॉम कर्कवुड यांनी १९७७ मध्ये त्याला खर्चाच्या हिशेबाचं रूप दिलं: शरीराकडे ऊर्जा मोजकी असते, ती पेरणीत घालायची की छपरात, याचा निर्णय त्या प्राण्याच्या पूर्वजांना बाहेर किती धोका होता त्यावर ठरत गेला. उडता येणाऱ्याला धोका कमी, जमिनीखाली राहणाऱ्यालाही कमी. त्यांची छपरं पक्की.

याचा फार सुंदर पडताळा स्टीव्हन ऑस्टॅड यांनी घेतला. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळ सापेलो नावाचं बेट आहे. तिथे ओपॉसम हा पिशवीत पिल्लं वाढवणारा, मांजराएवढा प्राणी हजारो वर्षं शिकारी जनावरांशिवाय राहिला. ऑस्टॅड यांनी तिथल्या आणि मुख्य भूमीवरच्या ओपॉसमच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले. बेटावरचे ओपॉसम जास्त तर जगलेच, पण त्यांच्या शेपटीतले तंतूसुद्धा हळू ताठर होत होते. जनावर तेच, पण धोका कमी झाला तशी पिढ्यान्‌पिढ्या डागडुजी वाढत गेली. म्हणजे म्हातारपणाचा वेग काळ्या दगडावरची रेघ नाही. तो सरकतो.

माणसाचं छप्पर प्राण्यांच्या मानाने चांगलंच पक्कं आहे, पण तेही गळतं. लंडनचे विमागणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्येच दाखवलं होतं की प्रौढ वयात मरणाचा धोका ठरावीक काळाने दुप्पट होत जातो. आजच्या आकड्यांनुसार हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. चाळिशीत हे दुपटीकरण जाणवतही नाही, कारण मुळातला आकडाच लहान असतो. सत्तरीनंतरची प्रत्येक दुप्पट घरातल्या सगळ्यांना दिसते.

गळतं कुठे कुठे? याची यादी मोठी आहे आणि शास्त्रज्ञ ती वाढवत असतात. २०१३ मध्ये म्हातारपणाची नऊ लक्षणं मांडली गेली, २०२३ मध्ये ती बारा झाली. डीएनएची मोडतोड, पेशीत साठत जाणारी बिघडलेली प्रथिनं, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची मरगळ, सतत धुमसणारी बारीक सूज, वगैरे. सगळी इथे सांगत बसत नाही. दोनच सांगतो, कारण त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त चुकीचं बोललं जातं.

पहिली गोष्ट पेशींच्या मोजक्या विभाजनांची. न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या. त्या १९४६ पर्यंत वाढवत ठेवल्या गेल्या, आणि शरीराबाहेर पेशी अमर असतात यावर सगळ्यांचा विश्वास बसला. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या लिओनार्ड हेफ्लिक यांच्या पेशी मात्र काही महिन्यांनी थांबायच्या. आपल्याच हातून काही चुकतंय का, हे पाहायला त्यांनी एक साधी युक्ती केली. चाळीसेक वेळा विभागलेल्या पुरुषाच्या पेशी आणि दहाच वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच बाटलीत मिसळल्या. अन्न तेच, हवा तीच, बाटलीही तीच. काही काळाने पाहिलं तर बाटलीत फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. दोष बाटलीचा असता तर दोन्ही थांबल्या असत्या. पेशी स्वतःच मोजत होत्या. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हे प्रसिद्ध केलं. माणसाची साधी पेशी चाळीस ते साठ वेळा विभागते आणि थांबते. कॅरेल यांच्या पात्रात बहुधा रोजच्या खाद्यातून ताज्या पेशी जात होत्या.

पेशी मोजते कशी? शेणाने जमीन सारवत मागे मागे सरकताना शेवटी आपण बसलोय तेवढी जागा राहते ना, तसंच डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचं आहे. टोकाचा थोडा भाग दरवेळी नकलेतून सुटतो. त्यासाठी टोकांना टेलोमिअर नावाचा, एकच अक्षरगट शेकडो वेळा लिहिलेला राखीव पट्टा असतो. तो आखूड होत गेला की पेशी थांबते. तो पुन्हा वाढवणारं टेलोमरेज हे विकर ज्यांनी शोधलं त्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना, जॅक शोस्टॅक यांच्यासह, २००९ चं नोबेल मिळालं. आता 'टेलोमिअर लांब करा, तरुण राहा' असं सांगून गोळ्या विकल्या जातात. पण प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि तो तीन वर्षांत मरतो. शिवाय पेशीला थांबवणारा हा पट्टा कॅन्सरच्या वाटेवरचा पहारेकरीही आहे. बहुतेक कॅन्सर टेलोमरेज चालू करूनच मोकाट सुटतात.

दुसरी गोष्ट थांबलेल्या पेशींची. विभाजन थांबलेली पेशी मरत नाही, ती तिथेच बसून आजूबाजूला सूज आणणारे पदार्थ सोडत राहते. आंब्याच्या अढीत एक आंबा सडला की शेजारचे डागाळतात, तसं. तरुणपणी प्रतिकारशक्ती अशा पेशी वेचून काढते, वय वाढतं तशा त्या साठतात. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये २०११ साली लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांमधून जनुकीय युक्तीने अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा त्यांचे मोतीबिंदू लांबले आणि स्नायू टिकले. २०१६ मध्ये साध्या उंदरांवर तोच प्रयोग झाला आणि ते जास्त जगले. माणसांमध्ये अशा पेशी निवडून मारणाऱ्या औषधांच्या लहान चाचण्या चालू आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. म्हातारपणावरच्या सगळ्या संशोधनात मला सर्वांत जवळची वाटते ती एका मातीच्या नमुन्याची आणि एका भारतीय माणसाच्या हट्टाची कहाणी.

डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाच्या आरमाराचं एक जहाज ईस्टर बेटाला लागलं. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त दूर, जेमतेम हजार वस्तीचं हे बेट. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. बेटावर विमानतळ होणार होता. बाहेरच्या जगाशी संबंध वाढण्याआधी तिथल्या माणसांचा आणि निसर्गाचा अभ्यास करून ठेवावा म्हणून डॉक्टरांचं पथक आलं होतं. त्यातल्या जॉर्ज नोग्राडी या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला एका प्रश्नाने पछाडलं. बेटावर घोडे फार, माणसं अनवाणी फिरणारी, तरी धनुर्वात होत नव्हता. त्याने बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येकातली माती कुपीत भरली.

धनुर्वाताचा प्रश्न पुढे मागे पडला. कुप्या माँट्रियलच्या एअर्स्ट या औषध कंपनीकडे गेल्या. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल काम करत होते. जन्म आता पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा, औषधशास्त्राचं शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका कुपीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जिवाणू सापडला. आपल्याला या जिवाणूंची ओळख नाही असं नाही. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो तो प्रामुख्याने याच कुळाचा. रापा नुईच्या या जिवाणूने बुरशी मारणारा एक पदार्थ बनवला होता. बेटाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं रापामायसिन. १९७५ मध्ये त्यावरचे शोधनिबंध आले.

बुरशीवरचं औषध म्हणून ते बाद झालं, कारण ते प्रतिकारशक्तीही दाबत होतं. सेहगल यांना मात्र त्यात आणखी काहीतरी आहे असं वाटत राहिलं. त्यांनी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवलं, तिथे गाठींवर त्याचा परिणाम दिसला. एवढ्यात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि रापामायसिनचं काम गुंडाळलं. सेहगल यांनी एक शेवटचा घाणा तयार केला, कुप्या भरल्या आणि घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. बिऱ्हाड न्यू जर्सीला हललं तेव्हा कुप्याही बर्फात घालून बरोबर गेल्या. काही वर्षांनी कंपनीचं विलीनीकरण झालं, नवे अधिकारी आले, आणि सेहगल यांनी त्यांना पटवून काम पुन्हा सुरू केलं. १९९९ मध्ये मूत्रपिंड रोपणानंतर द्यायचं औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सिरोलिमस हे त्याचंच औषधी नाव. अँजिओप्लास्टीत बसवल्या जाणाऱ्या अनेक औषधी स्टेंटवर याच सिरोलिमसचा थर असतो. आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी हृदयात रापा नुईच्या मातीतून आलेला हा पदार्थ गेलेला असण्याची दाट शक्यता आहे. सेहगल २००३ मध्ये कॅन्सरने गेले. म्हातारपणावर या औषधाने काय केलं ते त्यांना पाहायला मिळालं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हे औषध पेशीत नेमकं कुठे बसतं ते १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात कळलं. जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी यीस्टवर काम करून रापामायसिनचं लक्ष्य असलेली जनुकं शोधली आणि त्यांना टॉर म्हटलं. जर्मनमध्ये टॉर म्हणजे दरवाजा, आणि बाझेलला एक जुनी प्रसिद्ध वेस आहे. आपल्या पेशींत याच जातीचं जे प्रथिन आहे त्याला एमटॉर म्हणतात.

एमटॉरचं काम घरातल्या कर्त्या माणसाचं. हंगाम चांगला गेला, कोठारात धान्य आहे, म्हणजे रक्तात इन्सुलिन आणि अमिनो आम्लं भरपूर आहेत, की तो म्हणतो, नवी खोली काढा, पडवी वाढवा. पेशी वाढते, प्रथिनं बनवते, विभागते. हंगाम बुडाला की तोच म्हणतो, आता नवं काही नको, आहे ते सांभाळा. मग पेशी आपल्यातलाच मोडका माल गोळा करते, तोडते आणि त्यातून कामाचे भाग काढून पुन्हा वापरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. तिची यंत्रणा उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. शाकारणी खऱ्या अर्थाने होते ती या टंचाईच्या दिवसांत. ज्या घरात कायम सुगीच असते तिथे खोल्या वाढत जातात आणि जुनं छप्पर तसंच राहतं.

१९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मकाय यांनी घुशीसारख्या मोठ्या पांढऱ्या उंदरांना, जीवनसत्त्वं पुरेशी पण अन्न कमी, असं वाढवलं होतं आणि ते जास्त जगले होते. तसं का झालं याचा मोठा भाग एमटॉर कळल्यावर उलगडला. मग साहजिक प्रश्न आला: उपाशी न ठेवता फक्त त्या कर्त्या माणसाला टंचाई आहे असं भासवलं तर?

अमेरिकेत म्हातारपणावरची औषधं तपासण्याचा एक सरकारी कार्यक्रम आहे. मेन, मिशिगन आणि टेक्सास अशा तीन ठिकाणी तोच प्रयोग एकाच वेळी करतात, म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेचा योगायोग पकडला जातो. उंदीरही एका साच्याचे घेत नाहीत. रापामायसिन खाद्यात टिकेना, म्हणून ते बारीक आवरणात गुंडाळायची सोय करावी लागली. त्यात इतका वेळ गेला की तोवर उंदीर ६०० दिवसांचे झाले, माणसाच्या हिशेबाने साठीचे. तरी त्यांनी औषध सुरू केलं. २००९ मध्ये निकाल आला. शंभरातले नव्वद उंदीर मरायला लागणारा काळ माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढला होता, तिन्ही ठिकाणी. साठीत औषध सुरू करूनही सस्तन प्राण्याचं आयुष्य वाढू शकतं हे इथे पक्कं दिसलं. पुढे अनेकांनी तसंच पाहिलं.

उंदराला लागू पडतं ते आपल्याला पडेल का? २०१४ मध्ये पासष्टीपुढच्या लोकांना रापामायसिनचाच चुलतभाऊ शोभेल असं एक औषध काही आठवडे कमी मात्रेत दिलं, मग थांबवून फ्लूची लस टोचली. लसीला मिळणारा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. आशा वाढली. मात्र २०१९ मध्ये त्याच वाटेवरच्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी अपयशी ठरली. श्वसनाचे आजार कमी झाले नाहीत. रोपणाच्या रुग्णांमध्ये सिरोलिमसने तोंड येणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं, जखमा हळू भरणं, संसर्ग होणं हे सगळं डॉक्टर रोज पाहतात. परदेशात काही निरोगी माणसं हे औषध स्वतःच्या जबाबदारीवर घेत आहेत. मी घेणार नाही, आणि कुणा ओळखीच्याला घेऊही देणार नाही. कुत्र्यांवर अमेरिकेत मोठी चाचणी चालू आहे. आपल्याच घरात राहणारं आणि आपल्यासारखंच म्हातारं होणारं ते जनावर आहे, त्यामुळे तिच्या निकालाची मी मनापासून वाट पाहतोय.

मग कमी खावं का? माकडांवर याचे दोन दीर्घ प्रयोग झाले. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणारी माकडं जास्त जगली, तर मेरीलँडमधल्या सरकारी संस्थेत आयुष्यात फरक पडला नाही. आधी सगळे गोंधळले. मग ताटं तपासली. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर कितीतरी जास्त होती आणि तुलनेच्या माकडांना हवं तेवढं खायला मिळत होतं. मेरीलँडची तुलनेची माकडंही बेतानेच खात होती. मला यातून असं दिसतं की गोडधोड भरपेट खाणाऱ्याने आवर घातला तर मोठा फायदा, आणि जो आधीच बेताने खातो त्याने आणखी पोट मारलं तर फारसा नाही.

आपल्याकडे उपासाची परंपरा आहे आणि 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हणही. एमटॉरच्या नजरेने पाहिलं तर म्हणीत नेमकं शास्त्र आहे. साबुदाण्याच्या खिचडीने रक्तातली साखर आणि इन्सुलिन वाढतं, दाण्याच्या कुटातून अमिनो आम्लं मिळतात, वर बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. पेशीला ही सुगीच वाटते. रात्रीचं जेवण लवकर उरकून सकाळपर्यंत पोट रिकामं ठेवणं हे त्यापेक्षा उपासाच्या जवळचं आहे. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर एकदम खाली जाते.

आणि म्हाताऱ्या माणसांना तर उपासाच्या नादी लावूच नये. स्नायू बांधायला तोच एमटॉर लागतो. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होतात, सत्तरीनंतर वेगाने, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं की अनेक घरांत तिथूनच उतरण लागते. सत्तरीतल्या माणसाला डाळ-उसळ, दूध-दही, अंडी, मासे, जे चालत असेल ते पुरेसं हवं, आणि स्नायूंना जोर पडेल असं काम रोज हवं. आमच्याकडे आजीला "आता वय झालं, हलकंच खा" म्हणून चहा-बिस्किटांवर ठेवलं होतं. प्रेमानेच ठेवलं होतं. आज ते आठवलं की फार वाईट वाटतं.

शेवटचा विषय वय मोजण्याचा. लॉस एंजेलिसच्या स्टीव्ह होरव्हाथ यांनी २०१३ मध्ये दाखवलं की डीएनएवर बसणाऱ्या मिथाइलच्या बारीक खुणा वयाप्रमाणे ठरावीक रीतीने बदलतात आणि ३५३ जागा वाचून माणसाचं वय बऱ्यापैकी सांगता येतं. हजारो लोकांच्या अभ्यासात ही घड्याळं फार उपयोगी आहेत. जपानच्या शिन्या यामानाका यांनी चार जनुकं चालू करून प्रौढ पेशीला पुन्हा भ्रूणावस्थेसारखी केली, तेव्हा हे घड्याळही शून्याजवळ जातं असं दिसलं. म्हातारपण उलटवण्याच्या आजच्या बहुतेक मोठ्या आशा त्यावर उभ्या आहेत, आणि त्यात गाठी होण्याचा धोकाही तेवढाच खरा आहे. पण एकट्या माणसाने पैसे भरून 'तुमचं जैविक वय' काढून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. २०२२ मधल्या एका तपासणीत एकाच रक्ताचा नमुना दोनदा मोजला तर काही प्रसिद्ध घड्याळांच्या उत्तरांत ९ वर्षांपर्यंत फरक पडत होता.

गुरुजींची कानाची कसोटी या घड्याळांचीच पूर्वज म्हणायची, कागद नसताना शरीरावरून वय वाचण्याची. उतारवयासाठीही अशा साध्या कसोट्या आहेत, आणि चाचण्यांत त्या चांगल्या टिकल्या आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून जास्त, बहुतांश पंचेचाळिशीपुढच्या लोकांची पाहणी केली, तेव्हा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन त्यांच्या मुठीची पकड आणि चालण्याचा वेग मोजला. रिओ दि जानेरोमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं. हात, गुडघा जितक्या वेळा टेकला तितके गुण कमी. पुढच्या वर्षांत कमी गुणांच्या लोकांत मृत्यू कितीतरी जास्त झाले. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आमच्याकडे गणपतीत जेवायला जमिनीवर पंगत बसायची. बापूआजोबांना भिंतीशी खुर्ची मांडून देत. आजोबा मांडी घालून बसायचे, पान संपलं की खरकटा उजवा हात वर धरून, डावाही न टेकता, उठून थेट मागच्या दारी हात धुवायला जायचे.